चौकातली पाटी कुणी लावली ते आधी बघा

विचारणा थोडक्यात अशी आहे. साउथ कॅरोलायनाच्या वरच्या भागात, ज्याला इथे 'अपस्टेट' म्हणतात, तिथल्या पाच-सहा हजार वस्तीच्या गावात एक मराठी कुटुंब नोकरीनिमित्त राहायला आलं आहे. चौकात कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, सैन्याचं स्मारक आहे आणि कोर्टहाउसच्या आसपास खांबांवर तीन-चार ओतीव धातूच्या पाट्या आहेत. मुलगी आठवीत आहे, म्हणजे तिला या वर्षी राज्याचा इतिहास आहे. 'आपलं गाव' या प्रकल्पासाठी तिने त्या पाट्या जशाच्या तशा वहीत उतरवून आणल्या. आईवडिलांचे प्रश्न दोन. या पाट्यांवर विश्वास ठेवायचा का? आणि गावाबाहेर चर्चमागे विटांची, बैठी, सपाट छपराची एक बंद पडलेली शाळा आहे, लोक तिला 'रोझेनवाल्ड शाळा' म्हणतात, तर तिला अशी पाटी मिळवून देता येईल का?

मी याच राज्यात बरीच वर्षं पाट्यांच्या मजकुरासाठी कागद धुंडाळण्याचं आणि इतरांचे मसुदे तपासण्याचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पाटीवरचं नाव, तारीख, ठिकाण बहुतेक वेळा बरोबर असतं. गोम असते ती गोष्ट कुठून सुरू केली, कुठे थांबवली आणि कोणाचं नावच घेतलं नाही यात. म्हणून मी कुठलीही पाटी खालून वर वाचतो. तळाशी बारीक अक्षरांत कोणी उभारली आणि कोणत्या साली, हे बहुधा दिलेलं असतं. त्या ओळीकडे कोणी बघत नाही आणि मुलं तर ती उतरवूनही घेत नाहीत. तुमच्या मुलीला परत पाठवा आणि तेवढी एक ओळ प्रत्येक पाटीवरून आणायला सांगा.

आपल्याकडे पुरातत्त्व सर्वेक्षणाची निळी पाटी दिसली की ती सरकारची, हे कळतं. इथे तसं एक खातं नाही. प्रत्येक राज्याची रीत वेगळी. व्हर्जिनियाने १९२७ साली रस्त्याकडेला पाट्या लावायला सुरुवात केली, नॉर्थ कॅरोलायनाने १९३५ मध्ये, साउथ कॅरोलायनाने १९३६ मध्ये, मिसिसिपीने १९४९ मध्ये. कारण इतिहासप्रेम होतंच, पण मोटारीही होत्या. पक्के रस्ते झाले, लोक गाड्या घेऊन फिरायला लागले आणि त्यांनी आपल्या गावात गाडी थांबवावी, खानावळीत जेवावं, असं प्रत्येक गावाला वाटू लागलं. अलाबामात हे काम 'अलाबामा हिस्टॉरिकल असोसिएशन' या संस्थेने केलं. जॉर्जियात ते आधी सरकारकडे होतं, १९९८ पासून जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. साउथ कॅरोलायनात राजधानी कोलंबियातलं 'आर्काइव्ह्ज अँड हिस्टरी' खातं मजकूर मंजूर करतं, पैसे मात्र ज्याला पाटी हवी तो भरतो. पाटीच्या डोक्यावर पामेटो हे ताडासारखं झाड असेल तर ती राज्याची. तिच्यावर क्रमांकही असतो. त्यातला पहिला आकडा काउंटीचा, आद्याक्षरानुसार. ॲबेव्हिल काउंटी १, यॉर्क ४६. पामेटो नसेल तर ती नगरपालिकेची, एखाद्या चर्चची, महिला मंडळाची किंवा कुणाचीही असू शकते. तिचा मजकूर कोणी तपासलाच असेल असं धरून चालू नका.

पैसे भरणारा ठरवतो कशाची पाटी लागेल. हे एवढं लक्षात घेतलं की चौक वाचता येतो. या पाट्या आणि स्मारकं लाटांसारखी आली. १९०० ते १९२० च्या आसपास 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या १८९४ साली स्थापन झालेल्या संघटनेने गावोगावी कोर्टहाउससमोर सैनिक उभे केले. नेमक्या याच काळात दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला जात होता आणि वेगळ्या डब्यांचे, वेगळ्या नळांचे कायदे घट्ट होत होते. १९६१ ते ६५ मध्ये यादवी युद्धाची शताब्दी, म्हणून लढायांच्या आणि सेनापतींच्या पाट्यांचा पाऊस. १९७६ ला स्वातंत्र्याची दोनशे वर्षं, मग क्रांतियुद्धाच्या पाट्या. कृष्णवर्णीयांची चर्चं, शाळा, डॉक्टर, दुकानं यांना पाट्या मिळायला लागल्या त्या मुख्यतः १९९० नंतर. राज्यात १९९३ साली त्यासाठी आफ्रिकन अमेरिकन वारशाचा स्वतंत्र आयोग आला, तेव्हापासून वेग आला. आता २०२६ च्या अडीचशेव्या वर्षानिमित्त क्रांतियुद्धाच्या पाट्यांची पुन्हा भरती आहे. मुलीने पाट्यांची सालं एका रेघेवर मांडली तर तिचा अर्धा प्रकल्प तिथेच होतो.

तुमच्यापासून गाडीने फार लांब नसलेलं ॲबेव्हिल एकदा बघून या. वस्ती पाच हजारांच्या आत. चौक विटांचा, देखणा, एका बाजूला १९०८ चं ऑपेरा हाउस. दक्षिणेचा कैवारी राजकारणी आणि अमेरिकेचा उपाध्यक्ष राहिलेला जॉन कॅल्हून १७८२ साली याच परिसरात जन्मला. गावात 'सेसेशन हिल' नावाची टेकडी आहे. तिथे २२ नोव्हेंबर १८६० रोजी अमेरिकेतून फुटून निघण्यासाठी सभा झाली. राज्य प्रत्यक्ष फुटलं त्यानंतर चार आठवड्यांनी, २० डिसेंबरला. आणि याच गावातल्या बर्ट-स्टार्क वाड्यात २ मे १८६५ रोजी कॉन्फेडरसीचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिसने आपल्या उरल्यासुरल्या सेनाधिकाऱ्यांची शेवटची युद्धबैठक घेतली. लढाई पुढे चालवायची का, असं त्याने विचारलं. अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं. म्हणून गाव स्वतःला कॉन्फेडरसीचं जन्मस्थान आणि मृत्युशय्या म्हणवतं आणि पर्यटकही त्याच नावाने येतात. वाडा राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे. चौकातलं कॉन्फेडरेट स्मारक मूळचं १९०६ चं.

आता याच चौकात २१ ऑक्टोबर १९१६ रोजी काय झालं ते बघा. अँथनी क्रॉफर्ड नावाचा कृष्णवर्णीय शेतकरी, स्वतःच्या मालकीची ४२७ एकर जमीन, कापूस पिकवणारा, काउंटीतल्या सधन माणसांपैकी एक. सरकीच्या भावावरून एका गोऱ्या व्यापाऱ्याशी त्याची बोलाचाली झाली. दुसरीकडे याहून जास्त भाव मिळतोय, असं तो म्हणाला. तेवढ्यावरून जमावाने त्याला मारहाण केली, पुढे तुरुंगातून ओढून काढलं, गावातून फरफटत नेलं आणि झाडाला टांगून गोळ्या घातल्या. शिक्षा कोणालाही झाली नाही. कुटुंबाला गाव सोडायला सांगण्यात आलं आणि बरेच जण उत्तरेकडच्या शहरांत गेले. वऱ्हाड-खानदेशात वाढलेल्या माणसाला सरकीच्या भावावरून होणारी हुज्जत चांगली माहीत असते, त्यामुळे ही हकिगत वाचताना आपल्याला फार लांबची वाटत नाही.

यानंतर शंभर वर्षं त्या चौकात या घटनेचा एक शब्दही नव्हता. ऑक्टोबर २०१६ मध्ये, बरोबर शताब्दीला, पाटी लागली. ती लावली क्रॉफर्डच्या वंशजांनी आणि अलाबामातल्या माँटगोमेरीच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेने. या संस्थेच्या पाट्या दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या असतात. एकीकडे त्या गावातली घटना, दुसरीकडे एकूण झुंडबळींचा इतिहास. म्हणजे चौकात उभं राहिलं की १९०६ आणि २०१६ एकमेकांसमोर येतात आणि दोन्हींच्या मध्ये कापूस आहे, जो कुठल्याच पाटीच्या शीर्षकात नाही.

कापसावरून थोडं विषयांतर करतो, कारण मुलीला वर्गात 'तुमचा या गावाशी काय संबंध' असं विचारलं जाण्याची शक्यता आहे. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका, कंपन्या, समुद्र बुजवण्याच्या योजना उभ्या राहिल्या. ॲबेव्हिलच्या वाड्यात मे १८६५ मध्ये ती बैठक झाली त्याच सुमाराला युद्ध संपल्याच्या बातमीने मुंबईचा बाजार कोसळला आणि बघता बघता मोठमोठे व्यापारी दिवाळखोर झाले. तेव्हा संबंध आहे.

पाटी किती खोटं बोलू शकते याचं मला माहीत असलेलं सर्वांत ठळक उदाहरण लुइझियानातल्या कोलफॅक्सचं आहे. दीड हजाराच्या आत-बाहेर वस्तीचं गाव. नाव उपाध्यक्ष कोलफॅक्सचं, परगण्याचं नाव राष्ट्राध्यक्ष ग्रँटचं, म्हणजे युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळातच जन्मलेलं ठिकाण. १८७२ च्या निवडणुकीत राज्यात दोन्ही पक्षांनी विजय सांगितला. मिळालेला मताधिकार आणि आपले निवडलेले अधिकारी राखण्यासाठी कृष्णवर्णीय नागरिक कोलफॅक्सच्या कोर्टहाउसमध्ये ठाण मांडून बसले. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने छोटी तोफ आणली, कोर्टहाउस पेटवलं, बाहेर पडणाऱ्यांना मारलं आणि शरण आलेल्या कैद्यांना रात्री गोळ्या घातल्या. मृतांचा नेमका आकडा इतिहासकारांत वादाचा आहे, साधारण साठ ते दीडशे. गोरे मेले तीन. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७६ साली 'क्रुकशँक' निकालाने आरोपी सुटले. खासगी व्यक्तींनी केलेल्या अशा अत्याचारांवर केंद्र सरकार खटला भरू शकत नाही, असा त्याचा अर्थ झाला आणि दक्षिणेतल्या टोळ्यांना रान मोकळं मिळालं.

पाटी लागली १९५० साली. तिच्यावर तीनच गोष्टी होत्या. इथे 'कोलफॅक्स दंगल' झाली, तिच्यात तीन गोरे आणि दीडशे कृष्णवर्णीय मारले गेले, आणि या घटनेने दक्षिणेतल्या उपऱ्या उत्तरेकडच्यांच्या गैरकारभाराचा शेवट झाला. तारीख बरोबर, ठिकाण बरोबर, मृतांचा आकडा तर उलट मोठाच. चूक शोधायला बसलेला प्राध्यापकही पहिल्या दोन वाक्यांवर फार आक्षेप घेऊ शकला नसता. सगळा डाव तिसऱ्या वाक्यात. दीडशे माणसं मेली आणि ते एकंदरीत बरं झालं, असं सरकारी खर्चाने ओतून ठेवलं होतं. आणि पाटी लावणारं खातं कोणतं, तर राज्याचं व्यापार आणि उद्योग खातं! त्याआधी, १९२१ मध्ये, गावच्या स्मशानभूमीत मेलेल्या तीन गोऱ्यांचा दगडी स्तंभ उभारला गेला होता. ते 'श्वेतवर्चस्वासाठी लढताना' पडले असं त्यावर सरळ कोरलं आहे. मला विचाराल तर तो स्तंभ पाटीपेक्षा प्रामाणिक. त्याने काही लपवलं नाही.

ती पाटी मे २०२१ मध्ये काढली गेली. १३ एप्रिल २०२३ रोजी, घटनेला दीडशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा, मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेलं काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहिलं. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत बळींच्या आणि हल्लेखोरांच्या, दोन्ही बाजूंच्या वंशजांचा हात होता. ही दुसरी गोष्ट दक्षिणेत अजूनही सहज घडत नाही.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट लागते. त्याच १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती त्या वर्षी कोलफॅक्समध्ये मुक्त झालेल्यांचं कोर्टहाउस जळत होतं. मुलीच्या शिक्षिकेला हे माहीत असण्याची शक्यता कमी, तेव्हा प्रकल्पात जरूर घाला.

मग जुन्या पाट्यांचं करायचं काय? साउथ कॅरोलायनात हा प्रश्न निम्मा कायद्यानेच सोडवला आहे. २००० सालच्या हेरिटेज ॲक्टनुसार सार्वजनिक जागेवरची युद्धस्मारकं गावाला आपल्या मर्जीने हलवता येत नाहीत, विधिमंडळाची मान्यता लागते. आधी दोन तृतीयांश बहुमताची अट होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती रद्द केली, बाकी कायदा कायम ठेवला. त्यामुळे इथली चालू पद्धत म्हणजे जुनी राहू द्यायची आणि शेजारी नवी लावायची. मला ती वाईट वाटत नाही, नवी पाटी तितक्याच मोक्याच्या जागी असेल तर. पार्किंगच्या मागे झुडपात लावायची असेल तर न लावलेली बरी. आणि नवी पाटी लागली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. मिसिसिपीत टॅलाहाची नदीकाठी, गोऱ्यांनी मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचं प्रेत १९५५ मध्ये जिथे सापडलं असं मानतात तिथे २००८ च्या सुमाराला लावलेली पाटी चोरीला गेली, पुढच्या दोन पाट्यांची गोळ्यांनी चाळण झाली. २०१९ साली लावली ती बंदुकीच्या गोळीला दाद न देणाऱ्या पोलादाची, सव्वादोनशे किलोंच्या आसपास वजनाची.

शाळेकडे वळण्याआधी मुलीसाठी एवढंच, की पाटीवर नसलेल्या पण गावात सगळ्यांच्या तोंडी असलेल्या गोष्टी तिने वहीत वेगळ्या पानावर ठेवाव्यात. जळलेली प्रत्येक इमारत इथे यादवी युद्धातल्या उत्तरेच्या जनरल शर्मनने जाळलेली असते. प्रत्यक्षात त्याची फौज फेब्रुवारी-मार्च १८६५ मध्ये कोलंबियाहून विन्सबरो आणि चेरॉच्या बाजूने नॉर्थ कॅरोलायनात गेली, अपस्टेटच्या पश्चिम भागात ती आलीच नाही. तुमच्या गावचं जुनं कोर्टहाउस कंदिलाने किंवा धुराड्याने पेटलेलं असायची शक्यता कितीतरी जास्त. जॉर्ज वॉशिंग्टन मुक्कामाला होता असं सांगणारी घरंही खूप. त्याचा दक्षिण दौरा १७९१ चा आणि त्याने रोजनिशी ठेवली होती, त्यामुळे पडताळणी दहा मिनिटांची. भुयारांबद्दल मी बोलतच नाही.

आता शाळा. तुम्ही दिलेलं वर्णन वाचून मला ती रोझेनवाल्ड शाळा वाटत नाही, निदान आज उभी आहे ती इमारत तरी. रोझेनवाल्ड शाळा म्हणजे सीअर्स कंपनीचा प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड आणि अलाबामातल्या टस्कीगी संस्थेचे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या योजनेतून ग्रामीण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेल्या शाळा. १९१२ ते १९३२ या काळात पंधरा राज्यांत ५,३५७ इमारती झाल्या, आपल्या राज्यात सुमारे ५००. लोक याला 'देणगी' म्हणतात, पण हिशोब बघा. एकूण खर्च २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यातले रोझेनवाल्डच्या फंडाचे सुमारे ४३ लाख आणि कृष्णवर्णीय लोकांनी स्वतः उभे केलेले ४७ लाख, तेही कर भरून वर. बाकीचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतला. बायकांनी जेवणं करून विकली, पुरुषांनी लाकूड तोडून दिलं, कुणी एकरभर जमीन लिहून दिली. पाटीवर रोझेनवाल्डचं नाव येतं आणि त्या जमीन देणाऱ्याचं गळतं, ही माझी जुनी तक्रार आहे.

या इमारती बहुधा लाकडी, उतरत्या छपराच्या. वीज नसायची म्हणून उंच उंच खिडक्या एकमेकींना चिकटून ओळीने, आणि वर्गांना पूर्व-पश्चिमेचा उजेड मिळेल अशी मांडणी. दोन वर्गांमधली भिंत सरकवता यायची, म्हणजे संध्याकाळी गावाची सभा भरवता येई. विटांच्या रोझेनवाल्ड शाळाही झाल्या, पण सपाट छप्पर, लांब बैठी विटांची भिंत आणि खिडक्यांचा आडवा पट्टा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर १९५० चं दशक येतं. त्या इमारतींना इथे 'इक्वलायझेशन स्कूल' म्हणतात. क्लॅरेंडन काउंटीतल्या समर्टन गावच्या पालकांनी आधी मुलांसाठी बस मागितली, ती मिळाली नाही आणि प्रकरण 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट' या खटल्यापर्यंत गेलं. शाळांतलं वर्णावरून केलेलं विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या सुप्रसिद्ध 'ब्राउन' निकालात एकत्र आलेल्या पाच खटल्यांपैकी हा एक. आपण वेगळ्या पण समान शाळा देतो असं न्यायालयाला दाखवता यावं म्हणून गव्हर्नर जेम्स बर्न्स यांनी १९५१ साली तीन टक्के विक्रीकर बसवला आणि राज्यभर कृष्णवर्णीय मुलांसाठी नव्या कोऱ्या विटांच्या शाळा उभ्या केल्या. मुलांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून इतका पैसा ओतला गेला.

गावातले वृद्ध खोटं बोलत असतील असं मात्र समजू नका. बऱ्याचदा त्याच जमिनीवर आधी लाकडी रोझेनवाल्ड शाळा असते, ती पाडून किंवा तिच्या शेजारी नवी झालेली असते आणि जुनं नाव चिकटून राहतं. तुमच्याकडेही असंच असेल तर पाटीसाठी ही गोष्ट जास्त चांगली आहे, कारण एका जागेवर दोन काळ सापडतील.

हे ठरवायला कागद कुठे? नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाने रोझेनवाल्ड फंडाची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत. प्रत्येक शाळेचं वर्ष, किती शिक्षकांची, किती एकर आणि कोणी किती पैसे दिले हे त्यावर आहे, अनेकदा फोटोही. नाव थोडं वेगळं लिहिलेलं असू शकतं, म्हणून काउंटीने शोधा. मग राज्याच्या आर्काइव्ह्जमध्ये १९३५ ते १९५२ दरम्यान विम्यासाठी काढलेले शाळांचे फोटो आहेत. तुमच्या शाळेची लाकडी इमारत त्यात मिळाली तर अर्धं काम झालं. काउंटी शाळामंडळाची इतिवृत्तं बघा. कोर्टहाउसमध्ये खरेदीखतांच्या सूची देणारा आणि घेणारा अशा दोन बाजूंनी असतात, दोन्ही चाळा, शाळेसाठी जमीन कोणी दिली ते तिथे आहे. गावाच्या मध्यवस्तीत असलेल्या इमारतीसाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे फार उपयोगी, विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी रंगवलेली. गावाबाहेरच्या शाळेसाठी ते क्वचितच मिळतात. जुनी वर्तमानपत्रं काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत, 'ॲबेव्हिल प्रेस अँड बॅनर' तर अनेक दशकांचा आहे. फक्त ती पत्रं गोऱ्यांची, कृष्णवर्णीयांच्या शाळेची बातमी आलीच तर दोन ओळींची. जमीन देणाऱ्याच्या कुटुंबाचा माग काढायचा असेल तर १८७० ची जनगणना ही भिंत आहे. १८५० आणि १८६० च्या नोंदींत गुलाम माणसांचं फक्त वय, लिंग, वर्ण, तेही मालकाच्या नावाखाली. त्यांची नावं सापडतात ती मालकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत, खेचरं आणि नांगरांच्या शेजारी, किमतीसकट. पहिल्यांदा बघाल तेव्हा मुलीला सोबत नेऊ नका. आधी स्वतः बघा.

कागदांइतकंच महत्त्वाचं चर्च. शाळेच्या पुढे चर्च आहे म्हणता, तर बहुधा शाळेची जमीन, लोक आणि आठवणी तिथल्याच. एखाद्या रविवारी जा, पास्टरना आधी कळवून जा, प्रार्थना पूर्ण होईपर्यंत बसा, नंतर जेवायला थांबवतील तर थांबा. ज्येष्ठ बायकांना 'मिस' लावून पहिल्या नावाने हाक मारायची इथली रीत आहे, ती पाळा. पाटीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गट असतोच, मेळावाही भरतो. त्यांच्याकडे फोटो, अंत्यविधीच्या पत्रिका, कौटुंबिक बायबलात लिहिलेल्या जन्मतारखा असतात. अर्ज त्यांच्या नावाने जाऊ दे. राज्यालाही पुरस्कर्ता म्हणून संस्था, चर्च, माजी विद्यार्थी संघ असा कोणी लागतो. तुम्ही टायपिंग करा, कोलंबियाला फोन करा, नकाशे काढा. नव्याने आलेल्या भारतीय माणसाने त्यांचा इतिहास वाचवला अशी बातमी छापून आली की सगळं बिघडतं, हे मी एकाहून जास्त गावांत पाहिलं आहे.

जमिनीचं मात्र आधी बघा. दक्षिणेत कृष्णवर्णीय कुटुंबांच्या पुष्कळ जमिनी मृत्युपत्राविना वारसांत आल्या आहेत. मालक आजोबांच्या नावावर, वारस डेट्रॉइटपासून अटलांटापर्यंत, एकाच्या सहीने काही होत नाही. सातबाऱ्यावर चाळीस नावं असलेल्या जमिनीचा अनुभव असेल त्याला वेगळं सांगायला नको. अशा वेळी पाटी चर्चच्या हद्दीत लावा, किंवा रस्त्याच्या सरकारी पट्ट्यात. रस्ता राज्याचा असेल तर राज्याच्या वाहतूक खात्याची परवानगी लागेल. पाटी लागली म्हणजे इमारत वाचली, या भ्रमातही राहू नका. नॅशनल रजिस्टर या ऐतिहासिक वास्तूंच्या केंद्रीय यादीत नोंद झाली तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने ती पाडू शकतो. छप्पर गळत असेल तर पाटीआधी ताडपत्रीचे पैसे गोळा करा.

मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांचा बसतो, दोन्ही बाजू घेतल्या तर दुप्पट. पहिल्या मसुद्यात सगळे विशेषणं घालतात, ती खातं काढून टाकतं. प्रत्येक विधानाला कागद मागतात आणि 'सगळ्यांना माहीत आहे' हा कागद चालत नाही. हयात व्यक्तींची नावं टाळा, नाहीतर कोणाचं राहिलं यावरून भांडणं होतात. जमीन देणाऱ्याचं नाव आणि लोकांनी भरलेली रक्कम हे दोन तपशील मी तुमच्या जागी शेवटपर्यंत सोडणार नाही. फंडाच्या कार्डावर ते असेल तर खातंही काढा म्हणणार नाही. आणि इमारत १९५० च्या दशकातली निघाली तर ती का बांधली गेली, हे वाक्यही हवं. काही माजी विद्यार्थ्यांना ते नको असेल, त्यांची शाळा त्यांना प्रिय आहे आणि ती कुणाच्या तरी डावपेचातून आली हे वाचायला कोणाला आवडेल? ते त्यांच्याशी बसून ठरवा, परस्पर घालू नका.

मंजुरीनंतर मजकूर फाउंड्रीकडे जातो, बहुतेक वेळा ओहायोतल्या मॅरिएटाच्या सेवा स्टुडिओजकडे. १९२७ पासून हा कारखाना याच पाट्या ओततो. वाळूचा साचा, त्यात ॲल्युमिनियम, मग रंग. कोल्हापूरकरांना त्यात नवल काही नाही. खर्च काही हजार डॉलर, मागणी अर्जापासून उभारणीपर्यंत वर्ष सहज जातं. ओतण्याआधी नमुना येतो, तो तीन वेगळ्या माणसांनी मोठ्याने वाचावा, त्यातला एक त्या शाळेत शिकलेला असावा. आडनावाचं स्पेलिंग कुटुंबातल्या माणसाकडून तपासून घ्या, जनगणनेतलं प्रमाण मानू नका. रंग काही वर्षांनी उडतो आणि तो पुन्हा देणं पुरस्कर्त्याच्या गळ्यात येतं, तेव्हा माजी विद्यार्थी संघाच्या खात्यात त्यासाठी थोडे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवायला सांगा.